कामाचा माणूस

त्या इमारतीची लिफ्ट पंधरा दिवस बंद होती. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई पाच मजले चढून दारोदार गेल्या, गटारं, शाळा, पाणी, सगळं कागदावर मांडून. वॉचमन सांगत होता, लोकांनी कागद दारातूनच घेतला, बाईंना कुणी घोटभर पाणीही विचारलं नाही.

आज त्यांच्या विरोधात उभे असलेले भाऊ आले. ते कसले जिने चढतायत. खालीच खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांच्या देखत मला, म्हणजे लिफ्टच्या मेकॅनिकला, फोन लावला, "आत्ताच्या आत्ता ये. म्हाताऱ्या माणसांचे हाल बघवत नाहीत मला."

मी गेलो, फ्यूज बसवला, दहा मिनिटांत लिफ्ट सुरू.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त प्राध्यापक. आधी स्वतः लिफ्टमधून वर-खाली करून आले, मग म्हणाले, "उमेदवार असा पारखायचा असतो. बोलघेवडे पुष्कळ आहेत, हा कामाचा माणूस आहे. मतदानाच्या दिवशी कुणी घरात लोळत पडायचं नाही. मी दारोदार बेल वाजवणार आहे."

टाळ्या झाल्या. एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं."

मला कुठला वेळ? माझ्याच हातांनी काढलेले आणखी सहा इमारतींचे फ्यूज खिशात होते, आणि भाऊंना संध्याकाळपर्यंत तिथेही कामाचा माणूस व्हायचं होतं.