दिशाच्या दप्तरातल्या गोळ्या

लंकाबाईनं नातीचं दप्तर ओट्यावर उपडं केलं. वह्या पडल्या, कंपास पडली, शेवटी गोळ्यांची पट्टी. चार गोळ्या कमी.

"ह्या कशाच्या?"

दिशा खाली बसून वह्या गोळा करू लागली. दहावीतली पोर. आई-बाप दरसाल दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळीची मोजणीच तशी. मागं दिशा तिसगावात आजीजवळ.

"तोंडात काय मोदक कोंबलाय?"

"वर्गातल्या आरतीच्या हायेत. शाळंमागं नशेला इकत्यात. मी हिसकून घेतल्या, आज्जे. मॅडमला देनार हुते."

"तू किती गिळल्या?"

"एक बी न्हाई."

लंकाबाईनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. डोळे बघितले. तोंडाचा वास घेतला. मग पट्टी चुलीत सारली.

"खोटं निघालं तर शाळा बंद. उद्यापास्नं शेरडं राखायची."

दिशाचे डोळे भरले. तिला नर्स व्हायचं होतं. आजी म्हणेल त्याला ती मान हलवत राहिली.

"खालच्या आळीचा आदिनाथ बघितलाय ना? त्याची सुरुवात असल्याच गोळ्यांनी. आईचं डोरलं इकून खाल्लं मेल्यानं. परवा बापाचं कपाळ फोडलं. हात असं थरथरत्यात, पान्याचा तांब्या धरवत न्हाई."

"त्याला कुनी सांगितलं न्हाई?"

"आईची जीभ झिजली. नशा चढली की कान जात्यात. म्हनून आदी सांगायचं असतं. कुनी गोळी दिली तर?"

"नको म्हनायचं."

"पोरं हसली तर?"

"हसू दे."

"घरच्या मानसानं दिली तर?"

दिशा अडखळली. "तरी बी नको."

"घे मोहट्याच्या देवीची आन."

दिशानं गळ्याला हात लावून आण घेतली. लंकाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. असं ती सणावारीही करत नसे.

"गुनाची हायेस. माजा जीव भांड्यात पडला."

दिशाला धीर आला. "मग माजी शाळा चालू ना, आज्जे?"

"शाळा कशाला? तू शाळंत हुतीस तवा काल सुपारी फुटली तुजी, आदिनाथसंगं. दसरा झाला की टोळीवर जायचं. एका कोयत्यात एक मानूस तरी शुद्धीवर लागतं."