गुळाचा खडा

"मी कोन?" मार्थानं पुन्हा विचारलं.

"आक्का."

"आन् ही?"

कृपानं शेजारी बसलेल्या चांगुणाकडं बोट केलं. "आई."

"तुजं नाव?"

पोरीनं अंगठ्यानं माती उकरली. "दया."

"पुटपुटू नको. नीट सांग."

नगरच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर तिघी पाळीची वाट बघत बसल्या होत्या. बोटीवर चढायचं तर देवी काढल्याचा, म्हणजे लस टोचल्याचा दाखला लागे, आणि दाखल्याआधी कारकून कागदावरचं माणूस तेच आहे का ते बघे. चांगुणाचा नवरा योहान आफ्रिकेत रेल्वेत होता. त्यानं बायको आणि लेक दया, अशा दोघींचा परवाना धाडला होता. परवाना हाती पडायच्या आधीच दया तापानं गेली. योहानला अजून कळवलं नव्हतं.

तिच्या जागी कृपाला न्यायचं, हे चांगुणाच्या थोरल्या बहिणीनं, मार्थानंच काढलं. कृपा तिची एकुलती एक. नवरा मागं नाही, दोन सालं पाऊस नाही, खडी फोडून बोटांची सालटी निघालेली. "तितं दोन वखत भाकर हाय," एवढंच ती म्हणाली. चांगुणानं दिवसभर दयाचे कपडे धुतले. मग हो म्हणाली.

एक गोष्ट पोरीला शिकवावी लागली नव्हती. घरात सगळे मार्थाला आक्का म्हणत, तर पोरही आक्काच म्हणे. मार्था तिच्यापुढं गुळाचा खडा धरायची. "आई म्हन, मग देते." पोर हातातला गूळ हिसकून तोंडात टाकायची आणि पळताना ओरडायची, "आक्का!"

आजही मार्थाच्या पदराच्या गाठीला एक खडा होता. टोचल्यावर पोर रडेल म्हणून आणलेला.

"चांगुणाबाई योहान साळवे," कारकुनानं पुकारलं. "मुलगी दया."

तिघी पुढं झाल्या. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "पोर तुझ्यावर गेली नाही, बाई."

"बापावर गेली, सायेब."

"बापावर? मग ह्या बाईवर कशी गेली?" त्याची पेन्सिल मार्थाकडं वळली.

"मी मावशी हाय तिची. आमच्या घरात समद्यांची नाकं एका साच्यातली. ह्या चांगुणाचंच तेवढं ल्हानपनी पडून चपटं झालं."

रांगेतल्या बाया हसल्या. कारकून हसला नाही. त्यानं पोरीला जवळ बोलावलं.

"ही कोण गं?" त्यानं मार्थाकडं पेन्सिल रोखली.

मार्था जमिनीकडं बघत राहिली. पोर चुकली तर परवाना जायचा, आणि वर फौजदार दारात यायचा.

"आक्का," पोर म्हणाली.

"मावशीला आक्का?"

"समदेच म्हन्त्यात."

"आणि ही?"

"आई." हे तिनं जरा हळू म्हटलं.

कारकुनानं शिक्का मारला. "जा. पलीकडं देवी काढून घ्या."

देवी काढणाऱ्यानं पोरीचा दंड घट्ट धरला, पातं टेकवून गर्रकन फिरवलं. पोर किंचाळली. "आई गं!"

मार्थाचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. पोरीनं दंड सोडवून घेतला, दोघींकडं पाहिलं, आणि जाऊन चांगुणाच्या पोटात तोंड खुपसलं. "आई... आई..."

चांगुणाचे हात तसेच लोंबत राहिले. ती बहिणीकडं बघत होती.

मार्थानं पदराची गाठ सोडली. ती सुटायला वेळ लागला. खडा तिनं चांगुणाच्या तळहातावर ठेवला.

"तू दे," ती म्हणाली. "आई म्हनल्यावर द्यायचा असतो."