पहिली नर्व्ह

उद्या माझी मेडिकलची व्हायवा, तोंडी परीक्षा. एका जागी बसवत नव्हतं. मेंदूतून निघणाऱ्या बारा नर्व्ह घोकत मी हॉलभर फेऱ्या मारत होते. त्यातली पहिली वासाची. ती तपासायला नाशिक रोडच्या प्रेसमधली ड्युटी संपवून नुकतेच घरी आलेले पप्पा सापडले. त्यांना डोळे मिटायला लावून मी नाकाशी कॉफी धरली, मग लवंग, मग हिंगाची डबी. त्यांना एकही ओळखता येईना.

"करोना झाल्यापासून वासच येत नाही गं," पप्पा कुजबुजले. "आईला बोलू नकोस."

पण आई लाटणं घेऊन दारातच उभी होती.



"अहो, मग रोज जिन्यातूनच 'काय घमघमाट सुटलाय!' असं ओरडत येता, तो कशाचा?"