रबरी पाय

"आई, आता ऐक," असं म्हणून त्याने गाणं लावलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

सकाळपासून तो घाम गाळत होता. इतकी वर्षं स्पीकर वडिलांनी केलेल्या लांब लाकडी बाकड्यावर दोन टोकांना असायचे आणि मधोमध आई. आज ते बाकड्यावरून उतरून लोखंडी स्टँडवर चढले होते, भिंतीपासून हातभर पुढे आले होते, आणि प्रत्येकाच्या खाली जाडजूड रबरी पाय बसले होते. लाकडावर ठेवलेला स्पीकर लाकडालाही थरथरवतो आणि ती थरथर आवाज गढूळ करते, हे दुकानदाराने त्याच्या गळी उतरवलं होतं. मग आईच्याच लोकरीचा धागा ताणून त्याने दोन स्पीकर आणि एक खुर्ची असा त्रिकोण बिनचूक जुळवला. खुर्ची आईसाठी. सगळा खटाटोपच तिच्यासाठी होता. तिचे कान उतरत चालले होते. जे काही ऐकू येतं ते तरी नितळ यावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि आवाज खरंच उजळला होता. गाणारीने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. त्याच्या अंगावर काटा आला.

आई खुर्चीत अवघडून बसली होती, फोटोसाठी बसवल्यासारखी. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, मग त्याच्याकडे.

"लाव की रे," ती म्हणाली.

"लावलंय, आई."

"हो का?" ती घाईघाईने म्हणाली. "छान आहे हं. छान."

काल संध्याकाळी हीच बाई याच गाण्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती, एक मात्रा इकडची तिकडे नाही. एका दिवसात असं काय झालं? त्याने तिच्या कानातल्या मशीनची बॅटरी बदलली. खुर्ची वीतभर पुढे घेतली, मग मागे नेली. स्पीकरची तोंडं तिच्याकडे वळवली. दर वेळी आई "छान" म्हणायची. एकदा तर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतही म्हणाली.

शेवटी त्याने बटण फिरवलं ते फिरवतच नेलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमिनीवर काठी आपटली. बायको हात पुसत बाहेर आली.

"अरे, आईंना ऐकवतोयस की अख्ख्या गल्लीला?"

"तिला ऐकूच येत नाहीये!"

"काल तर येत होतं."

"तेच तर कळत नाहीये मला. आवाज सुधारला आणि आई बिघडली!"

बायकोने डोळे वटारले, तेव्हा त्याने निमूटपणे आवाज पुन्हा नेहमीइतका केला. आई आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे पाहत होती. मग ती उठली, आपल्या बाकड्यावर जाऊन बसली आणि दोन्ही तळवे तिने शेजारच्या लाकडावर टेकवले. थोडा वेळ थांबली. दार वाजवून, आत कोणी आहे का याची वाट बघावी तशी. मग तळवे उचलून तिने मांडीवर घेतले. तिचा चेहरा इतका ओशाळला होता की त्याला बघवेना.

वायरीतच काहीतरी घोळ असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आवाज अगदी बारीक केला, डावा स्पीकर उचलला आणि जवळ होतं म्हणून बाकड्याच्या टोकावर ठेवला. रबरी पाय मागे स्टँडवरच राहिले. गाणं चालूच होतं, शेजारच्या खोलीत कोणी गुणगुणावं इतकं. तो वाकून मागची वायर चाचपू लागला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला काहीतरी हललेलं दिसलं.

आईचा तळवा परत लाकडावर आला होता. बोटं ठेका देत होती.

त्याने श्वास रोखून स्पीकर दोन बोटं वर उचलला. तिची बोटं थांबली. त्याने तो खाली टेकवला. बोटं चालू झाली, बरोबर समेवर.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिला ओठ दिसतील असा.

"आई, कानाने काहीच येत नाही ना तुला?"

"येतं की," ती सवयीने म्हणाली. मग लाकडावरून हात फिरवत तिने नजर खाली घातली. "तू एवढ्या हौसेने लावतोस. म्हटलं, कशाला सांगायचं."

तो उठला, उजवा स्पीकर स्टँडवरून काढला आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकावर त्याच्या जुन्या जागी ठेवला. बटण अगदी तसूभर वाढवलं. त्याच्या उजळलेल्या आवाजाचा पार चिखल झाला होता. शब्दसुद्धा धड लागत नव्हते.

तळव्यांखालचं लाकूड थरथरलं तशा आईने कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, हळू कर जरा," ती म्हणाली. "शेजारचे काय म्हणतील?"