गरज दाखवायची नाही

मुझम्मिलने कॅमेरा उचलला, नाक मुरडलं आणि परत चादरीवर ठेवला.

कैरोच्या शुक्रवारच्या बाजारात गरज दाखवली की भाव चढतो. त्याची गरज तर मोठी होती. हा कॅमेरा त्याचाच होता. तो कामासाठी अलेक्झांड्रियाला गेला असताना खोलीत सोबत राहणाऱ्या चुलतभावाने जुनी अडगळ समजून विकून टाकलेला. आत रोल आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्या रोलवर आई होती, सुदानमध्ये, ओमदुरमानच्या घराच्या अंगणात कॉफी ओतताना. पुढे लढाईत घर जळलं, आणि पळताना वाटेतच आई गेली. तिचा दुसरा फोटो जगात कुठेच नव्हता.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा, किती फोटो काढले ते दाखवणारा आकडा अजून चोवीसवर होता; मागचं झाकण उघडलं असतं तर तो शून्यावर गेला असता. म्हणजे रोल आतच होता, धुवायचा राहिलेला. मुझम्मिलला हायसं वाटलं, पण चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही.

विकणारा फरागल्ला म्हातारा आणि बोलका. सुदानमधून कधी आलास, जेवलास का, लग्न झालं का, सगळं विचारून झालं. मुझम्मिलने फाटलेलं चामडं दाखवलं, काचेवरचा ओरखडा दाखवला.

"कॅमेरा घ्यायला आलायस की मुलगी बघायला?" म्हातारा म्हणाला.

दोघं हसले. चहा आला. भाव दोनदा उतरला.

मग फरागल्लाने रोल गुंडाळायची वरची कळ बोटाने हलवून पाहिली; ती ताणली गेली. "आत कुणाचा तरी रोल आहे. मागचा मालक तुझ्या ओळखीचा तर नाही?"

"छे हो काका. मी कुठला ओळखणार?"

"नक्की?"

"मला कॅमेऱ्याशी मतलब. रोल कुणाचा का असेना."

म्हाताऱ्याने मान डोलावली. सौदा ठरला, पैसे दिले. मुझम्मिलने हात पुढे केला, पण फरागल्ला कॅमेरा घेऊन उठला, छत्रीच्या सावलीतून बाहेर आला आणि भर उन्हात मागचं झाकण उघडून सगळा रोल सर्रकन बाहेर ओढला.

"कुणाच्या तरी घरच्या आयाबहिणी असतील यात," तो शांतपणे म्हणाला. "परक्याच्या हाती कशा द्यायच्या? ऊन लागलं की सगळं पुसलं जातं. मालक आला असता, तर रोल जपून त्याच्या हातात ठेवला असता."