मंगळाला मंगळ

भार्गवी ऑफिसातून घरी पोचली तेव्हा बाबा शेजारीपाजारी पेढे वाटून मोकळे झाले होते. डब्यात थोडे उरले होते, काही पांढरे, काही केशरी.

"ये बेटा, तोंड गोड कर," यज्ञेश्वर म्हणाले. "विक्रांतच्या वडिलांना फोन केला मी. वसंतराव, निश्चिंत राहा म्हटलं. लग्नाचा मुहूर्त काढतोच आहे."

"रिपोर्टचं काय सांगितलंत?"

"जे आहे ते. तुझ्या रक्तात तो थॅलेसेमिया, विक्रांतच्याही रक्तात तोच. दोघांनाही आहे म्हणजे परिहार झाला. दोष दोषाला कापतो."

भार्गवीनं खांद्यावरची पर्स काढलीच नाही. काल फ्रीगंजच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आणि विक्रांतला समोर बसवून सगळं समजावलं होतं, आणि तिनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं होतं. बाबांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. माधव नगरातली निम्मी लग्नं त्यांनी पत्रिका बघून लावलेली. भार्गवी स्वतः कडक मंगळाची. स्थळं दारातूनच परत जायची. मंगळाचाच विक्रांत मिळाला तेव्हा बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले होते. मंगळाला मंगळ दिला की दोष उरत नाही, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं.

"बाबा, इथे उलटं आहे. एकालाच असतं तर काळजी नव्हती. दोघांना आहे म्हणूनच भीती आहे."

"असं कसं होईल?"

"वसंतकाका काय म्हणाले?"

"म्हणाले, पंडितजी, तुम्ही सांगितलंत, विषय खतम. आता त्या तिसऱ्या महिन्यातल्या तपासण्या नि सुया कशाला."

विक्रांत तिला हवा होता, लग्न मोडायचं तिच्या मनातही नव्हतं. पण दिवस गेले की बाळाची तपासणी करायचीच, असं दोघांनी ठरवलं होतं. आणि त्या घरात डॉक्टरपेक्षा बाबांच्या शब्दाला वजन. बाबांनी गरज नाही म्हटलं की विक्रांत एकटा कुठवर भांडणार होता. ती खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. बाबांनी पंचांग उघडलं, चष्मा लावला, बोट एका तारखेवर नेलं.

भार्गवी तशीच आत गेली आणि दोन वाट्या घेऊन आली. त्या पंचांगावरच ठेवल्या आणि प्रत्येकीत एक पांढरा, एक केशरी पेढा टाकला.

"ही वाटी माझी, ही विक्रांतची. केशरीत दोष आहे. पांढरा सांभाळून घेतो म्हणून आम्ही दोघं धडधाकट. मूल आमच्याकडून एकेकच घेतं. डोळे मिटा आणि दोन्हीतून एकेक काढा."

"काय पोरखेळ लावलाय."

"काढा ना, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. एक पांढरा आला, एक केशरी.

"माझ्यासारखं," ती म्हणाली.

"मग? काय बिघडलं?"

तिनं पेढे पुन्हा आपापल्या वाटीत टाकले. "आता दुसरं मूल."

दोन्ही पांढरे आले. "निर्दोष," बाबा म्हणाले, अगदी पत्रिकेवरून नजर उचलून म्हणत तसे. मग तिनं न सांगताच त्यांनी पुढच्या खेपेला हात घातला.

दोन्ही केशरी.

"आणि हे?"

"ह्या मुलाला महिन्या-महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं. जन्मभर."

बाबांनी पेढे झटकन वाटीकडे नेले. "माझा हात हलला. पुन्हा काढतो."

भार्गवीनं दोन्ही वाट्यांवर तळवे ठेवले. "पुढच्या मुलासाठी वाट्या पुन्हा भरतात, बाबा. पण जन्माला आलेलं परत ठेवता येत नाही."

"काहीतरी शांती असेल."

"नाही. आधी तपासायचं, एवढंच आहे हातात."

त्यांनी ते पेढे मुठीतच धरले. मग हळूच म्हणाले, "पण आपल्या घराण्यात हे नव्हतं गं."

"तुमच्याकडून आलंय, नाहीतर आईकडून. दिसलं नाही, एवढंच."

फोन वाजला. वसंतरावांचा आवाज मुळात मोठा. भार्गवीला सगळं ऐकू येत होतं.

"बोला पंडितजी, निघाला मुहूर्त?"

यज्ञेश्वरांनी मुठीतल्या पेढ्यांकडे पाहिलं. मूठ इतकी घट्ट झाली होती की पेढ्यांचा लगदा होऊन बोटांतून बाहेर येत होता. दिलेला शब्द त्यांनी आजवर कधी मागे घेतला नव्हता.

"मुहूर्त राहू द्या, वसंतराव," ते म्हणाले. "मघाशी मी चुकीचं सांगितलं. तुम्ही असं करा, घरातून दोन वाट्या घेऊन बसा. आणि चार पेढे. दोन पांढरे, दोन केशरी."