तांब्याभर पाणी

अप्पा सबनीस नगरपालिकेचे दूध-इन्स्पेक्टर. गवळ्यानं म्हैस दारात आणायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, ही कोल्हापूरची रीत. पण अप्पांचा तिच्यावरही भरवसा नव्हता. घरचा चहा पांचट लागायला लागला, तसा त्यांनी स्वैपाकघरातल्या पातेल्यातूनच दुधाचा नमुना भरून नेला. पाणी निघालं. जोतीराम गवळ्याचा परवाना गेला.

"सायेब, धार तुमच्या म्होरंच काढतोय की! पानी घालू कवा?" तो ओरडत राहिला. महिन्याभरात त्यानं म्हैस विकली.

त्याच्या जागी पिराजी आला. अप्पांनी त्याची चरवी पालथी करून बघितली, बाह्या वर करायला लावल्या, शेवटची धार पडेपर्यंत समोरून हलले नाहीत.

चहा पांचट तो पांचटच.

"हाही चोरच निघाला!" नमुन्याची बाटली घेऊन अप्पा तणतणत पातेल्याकडे गेले.

"चोर कोण?" चुलीपाशी बसलेल्या कालिंदीबाईंनी विचारलं. "वन्सं बाळंतपणाला आल्यापासून शेरभर दूध पुरतंय कुठं? रोज तांब्याभर पाणी मीच घालते की!"